कऱ्हेकाठचा मयूर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. बारामती हे गाव कऱ्हा नदीच्या काठी वसले आहे. ही कऱ्हा पुढे सोनगावाजवळ नीरेला मिळते. नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूर येथे भीमेला मिळते, आणि भीमा पुढे पंढरपुरास पोचून चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. बारामतीच्या घाटावरून वाहणारे पाणी असे वळणे घेत घेत विठ्ठलाच्या पायांपाशी जाते. या लहानशा नदीच्या काठी सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक कवी राहत होता. त्याने राज्य जिंकले नाही, की धनाच्या राशी साठविल्या नाहीत. तरीही त्याच्या नावामुळे बारामती साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. त्या कवीचे नाव मोरोपंत.

मोरोपंतांचे घराणे मूळचे कोकणातील, राजापूर तालुक्यातील सौंदळ गावचे. पराडकर हे त्यांचे आडनाव. वडील रामजीपंत पन्हाळगडावर येऊन राहिले होते. तेथेच १७२९ साली मोरोपंतांचा जन्म झाला. पन्हाळा हा नामांकित किल्ला. परंतु या मुलाचे मन तटबुरुजांपेक्षा पोथ्यांत अधिक रमे. गडावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये हे दोन विद्वान बंधू राहत होते. त्यांच्यापाशी मोरोपंतांनी संस्कृत काव्य, व्याकरण आणि अलंकारशास्त्र यांचे अध्ययन केले. रामायण, महाभारत आणि भागवत हे ग्रंथ तर त्यांच्या जिवाचे सोबतीच झाले.

रामजीपंत पुढे बारामतीस बाबूजी नाईकांच्या पदरी राहिले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास मोरोपंतही तेथे आले आणि मग जन्मभर बारामतीकरच झाले. नाईकांच्या वाड्यात पुराण सांगण्याचे काम त्यांच्याकडे आले. संस्कृत पोथी पुढे ठेवावयाची, एकेक श्लोक वाचावयाचा आणि त्याचा अर्थ श्रोत्यांना सोप्या मराठीत उलगडून सांगावयाचा, असे हे काम. या कामात मान होता, पण ऐश्वर्य नव्हते. पंतांना मात्र त्याची खंत वाटली नाही. पोटापुरते मिळावे, डोक्यावर छप्पर असावे, जवळ नदी असावी आणि हाती लेखणी असावी, एवढ्यावर त्यांचे आयुष्य चालले.

त्यांचे आश्रयदाते बाबूजी नाईक यांची गोष्ट याहून निराळी होती. नाईक हे मोठे सावकार आणि सरदार. पहिले बाजीराव पेशवे यांनाही त्यांनी कर्ज दिले होते. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे पेशव्यांच्या घरचे जावई. १७४० साली बाजीरावांचा मृत्यू झाला, तेव्हा पेशवेपद आपणास मिळावे अशी बाबूजींनी उमेद धरली. नागपूरकर रघुजी भोसले यांनी त्यांचा पक्ष घेतला. परंतु शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना दिली. पुढे बाबूजींनी कर्नाटकाची कामगिरी पत्करून पाहिली, पण तीतही त्यांना यश आले नाही. एवढा धनसंपन्न आणि पराक्रमी पुरुष, पण ज्या पदावर त्याने डोळा ठेवला ते देणे दुसऱ्याच्या हाती होते.

त्याच नाईकांच्या वाड्यात पुराण सांगणाऱ्या पंतांच्या मनातही एक मोठी आकांक्षा होती. तिच्यासाठी कोणाची वस्त्रे नकोत, सनद नको, की फौजफाटा नको. संपूर्ण महाभारत मराठी आर्यांत उतरवावे, ही ती आकांक्षा. पुराण ऐकावयास येणाऱ्यांत संस्कृत जाणणारे थोडेच. त्यांना व्यासांची ती विशाल कथा आपल्या भाषेत आणि तीही गाता येईल अशा रूपात मिळावी, असे पंतांना वाटले.

हे काम किती अवघड होते, हे समजण्यासाठी आर्या म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा, असा हिशेब असतो. पंतांची आर्या बहुधा गीती या प्रकारची आहे. तिच्या प्रत्येक अर्ध्या भागात बारा आणि अठरा अशा तीस मात्रा येतात. म्हणजे एका आर्येत साठ मात्रा झाल्या. त्यांत कथेचा धागा तुटता कामा नये, अर्थ बिघडता कामा नये आणि शेवटी यमकही जुळले पाहिजे. अशा सतरा हजारांच्या आसपास आर्या रचून पंतांनी महाभारताची अठराही पर्वे मराठीत आणली. मात्रांचा हिशेब केला, तर तो दहा लाखांवर जातो! ही रचना 'आर्याभारत' म्हणून प्रसिद्ध आहे.

हे काम कित्येक वर्षे चालले. तो काळ काही स्वस्थतेचा नव्हता. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा मोठा संहार झाला. पुढे पुण्यात पेशव्यांच्या घरात कलह माजले. मोहिमा निघत, फौजा येत आणि जात. या साऱ्या उलथापालथीच्या काळात बारामतीत एक मनुष्य मात्रा मोजीत आणि यमके जुळवीत होता. कोणास वाटेल, की हे जगापासून दूर पळणे झाले. परंतु तसे नव्हते. हाती घेतलेले काम दररोज थोडे थोडे पुढे नेणे, यालाही मोठे धैर्य लागते. पंतांनी ते धैर्य चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकविले. त्यांची सारी रचना मोजली, तर ती पाऊण लाखाच्या घरात जाते, असे सांगतात.

एवढे श्रम करणारा मनुष्य गंभीर मुद्रेचा आणि रुक्ष असेल, असा तुमचा समज होईल. पण पंतांची रामायणे पाहिली, की तो समज दूर होतो. रामकथा त्यांनी एकदा सांगितली नाही. पुन्हा पुन्हा सांगितली आणि प्रत्येक वेळी एक नवी अट स्वतःवर घालून सांगितली. अशी एकशे आठ रामायणे त्यांनी रचली, अशी परंपरा आहे. त्यांपैकी नव्वदांहून अधिक उपलब्ध आहेत. काहींत राममंत्राची अक्षरे क्रमाने गुंफलेली आहेत. एकाचे नाव 'निरोष्ठ रामायण'. ज्या अक्षरांच्या उच्चारात ओठ जुळतात, ती अक्षरेच त्यात येऊ द्यावयाची नाहीत, अशी त्याची अट. मुलांनो, आता एक गंमत पाहा. प, फ, ब, भ आणि म ही ओठांची अक्षरे. 'राम' या नावात म आहे! म्हणजे रामाची कथा सांगावयाची, पण राम हा शब्द उच्चारावयाचा नाही. भरत नाही, लक्ष्मण नाही, बिभीषणही नाही. तुम्ही चार वाक्ये तशी जुळवून पाहा, म्हणजे पंतांनी केवढा अवघड खेळ मांडला होता ते ध्यानात येईल.

खेळ हाच शब्द येथे योग्य आहे. लहान मुले अंगणात एका पायावर लंगडी खेळतात. दोन पाय धड असताना एकाच पायावर का पळावयाचे, असे त्यांना कोणी विचारीत नाही. अट आहे म्हणूनच तर खेळात रंगत येते. पंतांचे खेळणे म्हणजे शब्द. ते विकत आणावे लागत नव्हते, झिजत नव्हते आणि कोणी हिरावूनही नेऊ शकत नव्हते. पुढील काळात काही टीकाकारांनी त्यांना दोष दिला. भाषा फार संस्कृतप्रचुर आहे आणि शब्दांच्या कसरतीत काव्याचा रस आटतो, असा त्यांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी खोटा नाही. पंतांची कविता पहिल्या वाचनात कठीण वाटते, हे खरेच. परंतु पंतांना केवळ पंडितांसाठीच लिहिता येत होते, असे नाही. घरातील स्त्रियांना गाता यावीत म्हणून त्यांनी 'सीतागीत' आणि 'सावित्रीगीत' यांसारखी सोपी गीतेही रचली.

एका गावात आयुष्य गेले, तरी पंतांना प्रवासाची आवड नव्हती असे नाही. त्यांनी काशीची यात्रा केली. बारामतीपासून काशी बाराशे किलोमीटरांहून दूर. आपल्या देशात प्रवाशांची पहिली आगगाडी धावली ती १८५३ साली, म्हणजे पंतांनंतर कितीतरी वर्षांनी. त्या काळी यात्रेकरू पायी, घोड्यावर किंवा पालखीतून निघत. मुक्काम करीत करीत जात. वाटेत अरण्ये लागत, नर्मदेसारख्या नद्या नावेतून ओलांडाव्या लागत आणि जाऊन परत येण्यात कित्येक महिने लोटत. काशीस जाणारा मनुष्य घरच्यांचा निरोप घेई, तो परतू की नाही हे ठाऊक नसल्यासारखाच. पंत गेले आणि परतलेही. गंगेवर त्यांनी भक्तीने कविता रचल्या. कऱ्हेकाठच्या माणसाला गंगेची थोरवी कळली. पण म्हणून त्याने कऱ्हेचा काठ सोडला नाही. प्रवासाने दृष्टी विशाल व्हावी आणि घराची ओढही वाढावी, तसेच हे झाले.

पंतांच्या एका कवितेचे नाव 'सन्मनोरथराजि' असे आहे. मनोरथ म्हणजे मनातील इच्छा आणि राजि म्हणजे ओळ. चांगल्या इच्छांची ओळ, असा त्या नावाचा अर्थ. इच्छा सर्वांनाच असतात. त्या चांगल्या असाव्यात, हे महत्त्वाचे. जी इच्छा पुरी करण्यासाठी दुसऱ्याचे काही काढून घ्यावे लागत नाही आणि जी पुरी करतानाच आनंद मिळतो, ती खरोखर चांगली.

पंतांना एका पक्ष्याविषयी विशेष आपलेपणा होता. तो पक्षी मोर. मोरेश्वर हे त्यांचे नावच मोराशी जुळलेले. बारामतीच्या वरच्या अंगाला कऱ्हेच्याच काठी मोरगाव आहे आणि तेथील गणपतीला मयूरेश्वर म्हणतात. आपल्या कवितेत पंत स्वतःला मयूर म्हणवून घेत. आयुष्याच्या उत्तरकाळात त्यांनी पृथ्वी वृत्तात एक काव्य रचले. त्याचे नाव 'केकावलि'. केका म्हणजे मोराची हाक आणि आवलि म्हणजे रांग. मेघाला पाहून मोर जशी हाकेवर हाक घालतो, तशी या मयूराने देवाला घातलेली ही साद आहे. या काव्यात कसरत मागे पडते आणि अंतःकरण पुढे येते. स्वतःचे उणेपण कबूल करणारा, देवाशी लडिवाळपणे वाद घालणारा आणि शेवटी त्याच्याच दाराशी बसून राहणारा भक्त त्यात दिसतो.

बारामती आणि इंदापूर हा मुलूख कमी पावसाचा. नीरेचा डावा कालवा येथे आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पंतांच्या काळी शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडेच लागलेले असत. मृग नक्षत्र लागावे, काळा ढग दिसावा आणि माळावरून मोराची केका ऐकू यावी, याचे मोल या मुलखातील माणसांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणून 'केकावलि' हे नाव येथील मातीत सहज रुजते.

१७९४ सालच्या एप्रिल महिन्याच्या १५ तारखेस, चैत्री पौर्णिमेच्या दिवशी, बारामतीतच पंतांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय पासष्ट वर्षांचे होते. त्यांच्या कविता तेव्हा छापलेल्या नव्हत्या. लोकांनी त्या हाताने उतरून घेतल्या होत्या. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांनी आपल्या कीर्तनांतून पंतांच्या आर्या रंगवून सांगितल्या आणि गावोगाव पोचविल्या. १८५४ साली परशुराम तात्या गोडबोले यांनी 'नवनीत' हा काव्यसंग्रह प्रसिद्ध केला, त्यातून पंतांची कविता शाळेतील मुलांच्या हाती गेली. १९०८ साली ल. रा. पांगारकर यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. ओवी म्हटली की ज्ञानेश्वर, अभंग म्हटला की तुकाराम, तशी आर्या म्हटली की मोरोपंत, असा मान महाराष्ट्राने त्यांना दिला.

बाबूजी नाईकांचा वाडा कऱ्हेच्या काठी आजही उभा आहे. नाईक दानशूर होते. त्यांनी आश्रय दिला म्हणून पंत बारामतीस राहू शकले, हे त्यांचे उपकार विसरता येत नाहीत. तथापि ज्या पेशवेपदासाठी त्यांनी जिवाचे रान केले, ते पदच १८१८ साली नाहीसे झाले. त्याच वाड्यात पुराण सांगणाऱ्या पंतांच्या आर्या मात्र अजून म्हटल्या जातात.

आनंद फार दूर असतो, तो मोठ्या शहरात, मोठ्या पदावर किंवा मोठ्या धनात असतो, असे आपणांस पुष्कळदा वाटते. पंतांनी तो जवळच शोधला. दारची नदी, आवडीची कथा, नावातला मोर, एकदा घडलेली गंगेची यात्रा आणि रोज चार ओळींनी पुढे सरकणारा एक मनोरथ, एवढ्यात त्यांचे आयुष्य भरून गेले. कऱ्हेचे पाणी जसे गाजावाजा न करता वळणे घेत पंढरीस पोचते, तसा हा पुराणिकही बारामतीतच राहून मराठी मनाच्या गाभाऱ्यापर्यंत जाऊन पोचला.