मंदिराच्या दारी

सन 1932. कायदेभंगाच्या चळवळीत पकडलेल्या सत्याग्रहींनी धुळ्याचा तुरुंग गजबजला होता. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी हे कैदी एकत्र बसत आणि विनोबा भावे त्यांना भगवद्गीतेचा एकेक अध्याय सोप्या मराठीत समजावून देत. श्रोत्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकाची नोकरी सोडून ते चळवळीत आले होते. विनोबा बोलत आणि गुरुजी झरझर लिहून घेत. त्या अठरा प्रवचनांचे पुढे पुस्तक झाले. 'गीता-प्रवचने' हा ग्रंथ असा खानदेशातील तुरुंगात जन्मला.

विनोबांचा जन्म 1895 साली कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. त्यांची आई रुक्मिणीबाई अत्यंत श्रद्धाळू होती. संतांच्या अभंगांचे आणि पूजेचे संस्कार विनोबांना तिच्याकडूनच लाभले. आईला संस्कृत गीता कळत नसे. तिच्या इच्छेची आठवण ठेवून त्यांनी पुढे 'गीताई' रचली. देवाचे नाव निघताच ज्याचा कंठ दाटून यावा, असा हा पुरुष होता. अशा माणसाला मंदिराची ओढ का नसेल?

पण अनेक मंदिरांचे नियम त्यांना मान्य नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना तेथे दाराबाहेर उभे राहावे लागे. विनोबांना मात्र कोणीही अडविले नसते. मग काय करावे? आत जाऊन दर्शन घ्यावे, तर त्या नियमाला आपली संमती दिल्यासारखे होते. मंदिराकडे पाठ फिरवावी, तर मन तयार होत नाही. बळाने आत शिरावे, तर ती भक्ती कसली? विनोबांनी ठरविले की, जेथे आपल्या सोबत्यांना प्रवेश नाही, तेथे आपणही जायचे नाही. आणि पुजाऱ्यांवर जबरदस्तीही करायची नाही. हा निश्चय बोलण्यास सोपा होता. पाळताना त्याची फार मोठी किंमत द्यावी लागली.

1951 साली विनोबांची भूदानयात्रा सुरू झाली. भूमिहीनांसाठी जमीन मागत ते गावोगाव पायी हिंडू लागले. 1953 च्या सप्टेंबरात ते बिहारमध्ये वैद्यनाथधामास पोहोचले. हरिजनांना प्रवेश नाही असे कळताच त्यांनी दर्शनाचा विचार सोडून दिला. परंतु सर्वांना येऊ देऊ, असा निरोप आला, म्हणून ते सोबत्यांसह निघाले. मंदिरापाशी काही पंड्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. सोबत्यांनी विनोबांच्या भोवती कडे करून पुष्कळसे घाव अंगावर झेलले, तरी एक तडाखा विनोबांच्या कानावर बसला व त्या कानाने त्यांना ऐकू येणे कमी झाले. मारणाऱ्यांना शिक्षा मात्र होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती.

1955 साली ते जगन्नाथपुरीला आले. त्यांच्याबरोबर एक फ्रेंच बाई होत्या. ख्रिस्ती म्हणून त्यांना आत सोडण्यास पुजाऱ्यांनी नकार दिला. येथे मारहाण नव्हती की भांडण नव्हते. विनोबांसाठी दार उघडेच होते. प्रवासात साथ देणाऱ्या त्या बाईंना बाहेर ठेवून एकट्याने देवापुढे हात जोडणे मात्र त्यांना रुचले नाही. पुजाऱ्यांना दूषण न देता ते दारातूनच परतले. त्यांना वाईट वाटले, ते त्यांनी लपविले नाही. वैद्यनाथधामच्या माराहून हे परतणे अधिक कठीण असावे.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 रोजी तेथे उपोषण आरंभिले होते. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, दहाव्या दिवशी त्यांनी ते सोडले. 1958 साली विनोबा पंढरपुरास आले तेव्हा परधर्मीय सोबत्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. विनोबा त्यांना घेऊन मंदिरात घुसणार, अशी आवई उठली. तुमच्या संमतीवाचून मी येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. तेव्हा मंदिराच्या व्यवस्थापकांनीच त्यांना सोबत्यांसह दर्शनास येण्याचे लेखी निमंत्रण दिले.

विनोबा आत गेले. त्यांच्याबरोबर मुसलमान व ख्रिस्ती भगिनीही विठ्ठलासमोर उभ्या होत्या. विटेवरील त्या मूर्तीकडे पाहताना विनोबांच्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहू लागल्या. साने गुरुजी हे पाहावयास नव्हते. 1950 सालीच त्यांचे निधन झाले होते.