ब्लूजची सम्राज्ञी बेसी स्मिथ

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या चॅटानूगा शहरात जन्मलेल्या बेसी स्मिथ यांचे मातृपितृछत्र बालपणीच हरपले. भावाच्या गिटारच्या साथीने रस्त्यावर गाऊन त्यांनी घराला हातभार लावला. १९१२ मध्ये त्या फिरत्या नाटक मंडळीत दाखल झाल्या. कोलंबिया कंपनीने १९२३ मध्ये काढलेल्या ‘डाउनहार्टेड ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेने त्यांना घरोघरी पोहोचवले. पुढे मात्र मंदीच्या लाटेत कंपनीने १९३१ मध्ये त्यांची साथ सोडली. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीत मोटार अपघातानंतर त्यांचे निधन झाले. गोऱ्यांच्या रुग्णालयाने प्रवेश नाकारल्याची वदंता पसरली. प्रत्यक्षात त्यांना कृष्णवर्णीयांच्याच रुग्णालयात नेण्यात आले होते. अंत्ययात्रेला हजारो लोटले, तरी कबरीवर नामशिला बसली ती १९७० मध्ये. तिचा खर्च उचलणाऱ्यांत गायिका जॅनिस जॉप्लिन होत्या.