सुरतेत बसून मुंबई वसवणारा

हंगाम सुरू झाला की चलथाण स्टेशनवर भुसावळकडच्या गाडीतून खानदेशची माणसं उतरतात. कोयते, भांडीकुंडी, कडेवर पोरं. आमचं बिऱ्हाड आलं ते दुसऱ्या बाजूनं, वसईहून, कारण बाबांना सुरतेत काम मिळालं. सगळे सुरतेकडे येतात हे मी जन्मापासून बघत्येय. म्हणूनच जेराल्ड ऑंजियरबद्दल वाचलं तेव्हा गंमत वाटली. या माणसाने सुरतेत नोकरी केली आणि माणसं वळवली मुंबईकडे.

ऑंजियर आयर्लंडमधल्या सरदार घराण्यातला. 1660 च्या दशकाच्या सुरुवातीला तो कंपनीच्या सुरतेच्या वखारीत आला. सुरत तेव्हा मुघलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर. पण 1664 मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा शहराचा सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला आणि पेठा उघड्या पडल्या. पैसा होता, राखणदार नव्हता. 1668 मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला 10 पौंड भाड्याने कंपनीला दिलं, आणि 1669 मध्ये ऑंजियर सुरतेचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर झाला.

त्याच वर्षी सुरतेत एक विलक्षण गोष्ट घडली. काझीच्या धर्मांतराच्या जुलमाला कंटाळून हजारो बनिया पुरुष शहर सोडून भरूचला निघून गेले. इंग्रजांच्या पत्रांत आकडा 8,000 आहे. सराफी थांबली, दुकानं बंद, जकातीचं उत्पन्न आटलं. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी भीमजी पारेख ऑंजियरकडे मुंबईत आसरा मागायला गेला. ऑंजियरने नाही म्हटलं! सध्या अहमदाबादला जा, बादशहाकडे दाद मागा, असा सल्ला दिला. बनियांना उघड उघड मुंबईत नेलं असतं तर मुघलांनी सुरतेची वखारच बंद केली असती. मला हा सल्ला थोडा भेकडपणाचा वाटतो. पण माणूस हिशोबी होता. आणि माणसं उठून गेली तर शहराचं काय होतं, ते त्याने डोळ्यांनी बघितलं. आश्वासनं मिळाल्यावर डिसेंबरात ती माणसं परत आली.

मग तो मुंबईच्या मागे लागला. तिथं होतं काय? दलदल, ताप, नारळाच्या वाड्या आणि जमिनीची भांडणं. पोर्तुगीजांच्या काळापासूनच्या जमीनदारांच्या, म्हणजे बरेचसे आपल्या कॅथलिकांच्या, जमिनी आधीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी काढून घेतल्या होत्या. 1672 मध्ये ऑंजियरने तोडगा काढला: सगळ्यांनी मिळून वर्षाला 20,000 शेराफिन भरायचे, जमिनी त्यांच्याच. उद्या आपली वाडी आपलीच राहील एवढी खात्री असली तरच कोणी नवीन झाड लावतो ना. त्याच वर्षी न्यायालय सुरू झालं. किरकोळ तंटे जातींच्या पंचांकडे सोपवले. टांकसाळ निघाली, विणकरांना बोलावलं, पारशांना मलबार हिलवर दख्म्यासाठी जागा मिळाली. 1673 मध्ये डच आरमार समोर येऊन उभं राहिलं तेव्हा तो स्वतः बेटावर हजर होता. शहर राखलं जातं, हे व्यापाऱ्यांना दिसलं. 1677 मध्ये दीवच्या नीमा पारेखने मुंबईत यायच्या आधी धर्माचं स्वातंत्र्य लिहून मागितलं आणि ते त्याला मिळालं.

पोर्तुगीजांच्या वेळची 10,000 वस्ती त्याच्या काळात 60,000 झाली असं सांगतात. शिरगणती कोणी केली नव्हती, तेव्हा आकडा अंदाजाचाच. शिवाय येणारे येत होते तसे तापाने मरतही होते. ऑंजियरने इस्पितळासाठी आणि पाणथळ जमीन भरून काढण्यासाठी लंडनला लिहिलं. कंपनीला खर्च नको होता. त्याच्यामागे तर कंपनीने सैन्याचाच पगार छाटला आणि 1683 मध्ये मुंबईत बंड झालं. माणसं बोलावणं स्वस्त पडतं, त्यांना जगवायला पैसे लागतात. आमच्याकडे उसाच्या फडाशेजारच्या पालांत नळ कुठाय, हे विचारलं की असंच सगळे गप्प होतात.

30 जून 1677 ला ऑंजियर सुरतेतच वारला. मुंबईत चर्च बांधायचं त्याच्या मनात होतं. आदल्याच वर्षी पाया घातला होता, पण तो गेल्यावर भिंती अर्ध्यावर तशाच उभ्या राहिल्या. ते सेंट थॉमस चर्च उघडलं 1718 च्या नाताळात. मुंबईच्या ख्रिस्ती लोकांसाठी त्याने 1675 मध्ये दिलेला चांदीचा चषक मात्र त्याच्याही आधीपासून तयार होता.