लुईस हाइन : बालमजुरीविरुद्ध कॅमेरा हाती घेणारा शिक्षक



१२ जून हा जागतिक बालकामगार विरोधी दिन. त्याच सुमारास आपल्या शाळा सुरू होतात आणि पटनोंदणीची धावपळ चालू असते. या निमित्ताने वर्गात सांगता येईल असं एक चरित्र आज देत आहे. हे गृहस्थ अमेरिकेतले आणि मुळात आपल्यासारखेच शिक्षक. शाळेतली नोकरी सोडून ते कॅमेरा घेऊन गिरण्या आणि खाणींमध्ये गेले आणि तिथे राबणारी मुलं त्यांनी सगळ्या देशाला दाखवली. त्यांचं नाव लुईस विक्स हाइन.

जन्म आणि सुरुवातीचे दिवस

हाइन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८७४ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी झाला. ते १८ वर्षांचे असताना वडील अपघातात गेले आणि घराची जबाबदारी अंगावर आली. फर्निचरच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं. आठवड्याचे सहा दिवस, रोज तेरा तास, आणि मजुरी आठवड्याला चार डॉलर. पुढे पडेल ते काम करत त्यांनी शिक्षण चालू ठेवलं. थकलेल्या शरीराने पुस्तक उघडणं काय असतं हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. पुढच्या आयुष्यात हा अनुभव त्यांना उपयोगी पडला.

शिक्षक हाइन

१९०१ मध्ये ते न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूल या शाळेत शिक्षक झाले. निसर्ग अभ्यास आणि भूगोल हे त्यांचे विषय. शाळेचे प्रमुख फ्रँक मॅनी यांनी त्यांच्या हाती कॅमेरा दिला, तो अध्यापनाचं साधन म्हणून. हाइन तो वापरायला आपले आपणच शिकले आणि मग मुलांनाही शिकवू लागले. पुढे जगप्रसिद्ध छायाचित्रकार झालेले पॉल स्ट्रँड हे त्यांचेच विद्यार्थी.

त्या काळी युरोपातून हजारो गरीब माणसं बोटीने एलिस बेटावर उतरत होती. त्यांच्याविषयी लोकांच्या मनात तुच्छता होती. १९०४ पासून हाइन तिथे जाऊन या माणसांचे फोटो काढू लागले. कॅमेरा अवजड, तिकाटण्यावर ठेवायचा, काचेच्या प्लेटा बदलायच्या, उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड पेटवायची. एका फोटोला एकच संधी. तरी त्यांच्या फोटोत माणूस केविलवाणा दिसत नाही. तो सरळ आपल्याकडे बघतो.

नोकरी सोडली

१९०० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत १० ते १५ वयाची सुमारे साडेसतरा लाख मुलं मजुरी करत होती. त्याहून लहान मुलांची तर मोजणीच नव्हती. याविरुद्ध काम करण्यासाठी १९०४ मध्ये राष्ट्रीय बालकामगार समिती स्थापन झाली. समितीकडे अहवाल होते, आकडे होते. पण आकडे वाचून लोक हलत नव्हते. १९०८ मध्ये हाइन शाळेची नोकरी सोडून या समितीचे पूर्णवेळ छायाचित्रकार झाले.

त्यानंतरची दहाएक वर्षं ते देशभर फिरले. कॅरोलायना आणि जॉर्जियातल्या सूतगिरण्यांत मुली कताईच्या यंत्रांवर होत्या आणि मुलगे भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावत होते. काही मुलं इतकी लहान, की तुटलेला धागा जोडायला त्यांना चालू यंत्रावर चढावं लागे. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींवर मुलं फळ्यांवर ओणवी बसून, खालून वाहत जाणाऱ्या कोळशातले दगड हातांनी वेचत. धुळीने समोरचं दिसत नसे, बोटं सोलून निघत. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाच-पाच वर्षांची पोरं पहाटेपासून कालवं आणि कोळंबी सोलत होती. काचेच्या कारखान्यात मुलं रात्रपाळी करत होती.

बटणांची मोजपट्टी

मालक अर्थातच कॅमेरा आत येऊ देत नसत. मग हाइन वेश बदलत. कधी आगीचे निरीक्षक, कधी बायबल विकणारे, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेले छायाचित्रकार. यंत्राचा अंदाज दाखवायचा म्हणून शेजारी एखाद्या मुलाला उभं करायचं, की झाला फोटो! पकडले गेले तर मार खाण्याची भीती होतीच. आत शिरता आलं नाही तर ते पहाटे किंवा पाळी सुटताना दारापाशी थांबत.

पण शिक्षक म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची नोंद ठेवण्याची सवय. खिशात हात घालून ते छोट्या वहीत गुपचूप लिहीत. आपल्या कोटाचं कितवं बटण जमिनीपासून किती उंचावर आहे हे त्यांनी आधीच मोजून ठेवलेलं असे. मूल शेजारी उभं राहिलं, की कोणत्या बटणापर्यंत येतं त्यावरून उंची कळे आणि वयाचा अंदाज येई. मुलाचं नाव, वय, गाव, काम, किती दिवसांपासून, मजुरी किती, तारीख – हे सगळं फोटोसोबत जात असे. नोंदीत चूक सापडली तर मालक सगळंच खोटं ठरवतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचे फोटो मासिकांत छापले गेले, भित्तिपत्रकांवर आले, प्रदर्शनांत लागले, व्याख्यानांत पडद्यावर दाखवले गेले. आपण घालतो तो सुती कपडा कोणाच्या हातून येतो हे लोकांना पहिल्यांदाच चेहऱ्यानिशी दिसलं.

कायद्याची लांब वाट

फोटो छापले आणि दुसऱ्या दिवशी बालमजुरी थांबली, असं मुलांना सांगू नये. तसं झालं नाही.

१९१२ मध्ये मुलांसाठी केंद्र सरकारचं स्वतंत्र खातं सुरू झालं. १९१६ मध्ये बालमजुरीवर बंधन घालणारा पहिला राष्ट्रीय कायदा झाला. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या गिरणीत काम करणाऱ्या दोन मुलांच्या वडिलांच्या नावाने खटला उभा राहिला आणि १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. म्हणजे विरोध फक्त मालकांचा नव्हता. मुलाच्या मजुरीवर चूल पेटणारी घरं होती, आणि मुलाचं वय वाढवून सांगणारे आईबापही होते. १९१९ चा दुसरा कायदाही १९२२ मध्ये रद्द झाला. अखेर १९३८ मध्ये रूझवेल्ट यांच्या काळात कायदा झाला. सर्वसाधारण कामासाठी किमान वय १६ आणि धोक्याच्या कामासाठी १८ ठरलं. शेतीतली मुलं मात्र बहुतांश त्याच्या बाहेरच राहिली.

शेवटची वर्षं

पहिल्या महायुद्धाच्या काळात हाइन यांनी रेडक्रॉससाठी युरोपातल्या निर्वासितांचे फोटो काढले. १९३०-३१ मध्ये न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधली जात असताना, पन्नाशी उलटलेले हाइन कामगारांसोबत त्या उंचीवर चढले. या कामगारांवर त्यांनी १९३२ मध्ये ‘मेन ॲट वर्क’ हे मुलांसाठीचं चित्रपुस्तक केलं.

पण नंतर काम मिळेनासं झालं. सरकारी छायाचित्र प्रकल्पातही त्यांना घेतलं नाही. घर गेलं. १९३९ च्या नाताळात पत्नी वारल्या. ३ नोव्हेंबर १९४० रोजी, ६६ व्या वर्षी, गरिबीतच हाइन यांचं निधन झालं. १९३८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला तो त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९४१ मध्ये. ते पाहायला हाइन नव्हते.

आज त्यांचे पाच हजारांहून अधिक फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कोणालाही इंटरनेटवर पाहता येतात. व्हरमाँटच्या सूतगिरणीतल्या एका मुलीचा त्यांनी १९१० मध्ये काढलेला फोटो १९९८ मध्ये टपाल तिकिटावर आला.

वर्गात काय करता येईल?

तिसरी-चौथीच्या मुलांना एक फोटो दाखवा. लगेच माहिती सांगू नका. काय दिसतंय ते मुलांनाच सांगू द्या – पायात चप्पल आहे का, कपडे कसे आहेत, उंची यंत्राच्या कुठपर्यंत येते. मग हाइन यांच्यासारखी चार ओळींची नोंद लिहायला लावा. निरीक्षण, मोजमाप आणि लेखन तिन्ही होतं.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला, ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे. तरीही दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर आपल्या वर्गातली काही मुलं जातात. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा कागद कधी कधी आपल्याला ओझं वाटतो. पण त्यात लिहिलेलं नाव, वय, गाव आणि कारण हीच त्या मुलाची नोंद असते. ती खरी आणि पूर्ण असेल, तरच कोणीतरी त्याला शोधत जाऊ शकतं. कोटाच्या बटणांवर मुलांची उंची मोजणाऱ्या या शिक्षकाने एवढंच काम आयुष्यभर केलं.

पालकहो, रात्री जेवताना ही गोष्ट घरी जरूर सांगा.