शिकाऊ पायलटचं पहिलं विमान कसं असावं? डॉ. घाटगे यांची गोष्ट

शिकाऊ पायलटसाठी विमान निवडताना बहुतेक जण आधी वेग आणि इंजिन विचारतात. खरा प्रश्न वेगळाच असतो: विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली, तर हे विमान त्याला सावरायला वेळ देतं का? भारतात या प्रश्नाचं पहिलं स्वदेशी उत्तर एका मराठी इंजिनिअरने दिलं, डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. मी पांढरकवड्याचा, पेशाने सॉफ्टवेअरवाला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे नाव मला कोणी सांगितलं नाही, म्हणून हा लेख.

घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे, जन्म १९०८ चा. जर्मनीत गोटिंगेनला त्यांनी लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. विमानाच्या पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर कसा वागतो, हे जगाला समजावणारे ते हेच प्रांटल. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला विमान कारखाना काढला आणि घाटगे तिथे रुजू झाले. तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

तेव्हा आपले वैमानिक ब्रिटिश टायगर मॉथवर शिकायचे. कापडाने मढवलेलं, दुहेरी पंखांचं, उघड्या कॉकपिटचं विमान. घाटगे यांच्या टीमने त्याऐवजी एचटी-२ बनवलं: पूर्ण धातूचं, एकेरी पंखांचं, वर काचेचं झाकण. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. पुढे हवाई दलाने, फ्लाइंग क्लबांनी आणि घानाच्या हवाई दलानेही ते वापरलं.

यात दोन तडजोडी समजून घेण्यासारख्या आहेत. एचटी-२ चं तिसरं चाक शेपटीखाली होतं. अशा विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे पडतं, त्यामुळे उतरताना शेपूट थोडी जरी वळली तरी ती आणखी वळत जाते. विद्यार्थ्याचे पाय सतत जागे लागतात. शिक्षण पक्कं होतं, पण धोकाही वाढतो. दुसरं म्हणजे सीट एकामागे एक होत्या, त्यामुळे शिक्षकाला विद्यार्थ्याचे हात नीट दिसत नाहीत.

घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली तयार झालेलं किरण हे जेट ट्रेनर १९६४ मध्ये उडालं, तेव्हा दोन्ही गोष्टी बदलल्या होत्या. चाक नाकाखाली आलं, सीट शेजारी-शेजारी आल्या. आज बऱ्याच फ्लाइंग स्कूलमध्ये दिसणाऱ्या सेस्ना १७२ मध्येही मांडणी हीच आहे.

१९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले.

तुमच्या घरातलं कोणी पायलट व्हायचं म्हणत असेल, तर फ्लाइंग स्कूल बघताना फीच्या आधी हे विचारा: चाकं कशी आहेत, शिक्षक कुठे बसतो, आणि सुटे भाग कुठून येतात? विमान जमिनीवर उभं राहिलं, की फी भरूनही शिक्षण थांबतं. देशातच ट्रेनर बनवण्यामागचं एक साधं कारण हेही होतं.