बीजरक्षक वाविलोव्ह

आमच्या बालपणी पेरणीचे निवडक बियाणे राखेत घोळवून मडक्यात भरून ठेवीत. घरातले धान्य संपले तर उसनवारी करीत, प्रसंगी अर्धपोटी राहत. परंतु बियाण्याच्या मडक्याला हात लावीत नसत. या साध्या रीतीत केवढे शहाणपण होते, हे एका रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र वाचताना आम्हांस नव्याने उमगले. त्या थोर पुरुषाचा अल्प परिचय आपल्या ज्ञातिबांधवांस, विशेषतः विद्यार्थ्यांस, करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निकोलाय इवानोविच वाविलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. रशियात त्या काळी भीषण दुष्काळ पडत. कृषिविद्येचे शिक्षण घेतल्यावर १९१३ साली ते इंग्लंडला गेले व आनुवंशिकतेचे प्रसिद्ध अभ्यासक विल्यम बेटसन यांच्यापाशी त्यांनी काम केले. गव्हाच्या काही वाणांवर तांबेरा पडतो, काहींवर पडत नाही, असे का, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. रोगास, थंडीस व अवर्षणास दाद न देणारे गुण जगातील कोणत्या ना कोणत्या वाणात असलेच पाहिजेत. मग ते शोधावेत कोठे?

वाविलोव्ह यांनी अनुमान बांधले, की ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची सर्वाधिक विविधता आढळते, तोच त्याच्या उगमाचा प्रदेश असावा. अनुमान बांधून ते स्वस्थ बसले नाहीत. इराण, पामीर, अफगाणिस्तान, अबिसीनिया, चीन, जपान व अमेरिका येथे हिंडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन लाखांहून अधिक नमुने लेनिनग्राडच्या संस्थेत जमविले. १९२६ साली त्यांनी पिकांच्या उगमाची पाच केंद्रे सांगितली. नवा पुरावा हाती येताच ती संख्या पुढे आठपर्यंत नेली. भाताचे मूळ त्यांनी हिंदुस्थानात मानले होते. पुढे भातलागवडीचे अतिप्राचीन पुरावे चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात सापडले, तेव्हा शास्त्रज्ञांनी तेही मत सुधारले. यात वाविलोव्ह यांचा कमीपणा मुळीच नाही. शास्त्रात मोठ्या माणसाचा शब्दही पुराव्याच्या कसोटीस लावावा लागतो, आणि म्हणूनच शास्त्र पुढे जाते.

दुर्दैवाने त्यांच्याच देशात ही कसोटी बाजूस पडली. बियाण्यास थंडी देऊन त्याचा आनुवंशिक स्वभाव पालटता येतो व पीक झटपट वाढविता येते, असे त्रोफीम लिसेंको सांगू लागला. नवे वाण सिद्ध करण्यास वर्षानुवर्षे लागतात, हे वाविलोव्ह यांचे सत्य सत्ताधाऱ्यांस रुचले नाही. स्टालिनने लिसेंकोस पाठबळ दिले. वाविलोव्ह यांनी आपले मत सोडले नाही. ६ ऑगस्ट १९४० रोजी नमुने गोळा करीत असतानाच त्यांना अटक झाली. देहान्ताची शिक्षा पुढे कारावासात बदलली गेली. परंतु २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने त्यांचा अंत झाला. जगाची भूक भागावी म्हणून जन्म वेचणारा पुरुष अन्नावाचून गेला!

इकडे सप्टेंबर १९४१ पासून लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. नगरात लक्षावधी माणसे भुकेने मेली. संस्थेत धान्याच्या पुड्यांची रास होती. तरी तेथील सेवकांनी त्यातील दाणा तोंडात घातला नाही. भाताचे वाण सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह आणि भुईमुगाचे वाण सांभाळणारे अलेक्सांद्र श्चूकिन हे त्या बियाण्याच्या सान्निध्यातच भुकेने मरण पावले. ते बियाणे वाचले. पुढील काळात त्या संग्रहातून अनेक नवे वाण निपजले. १९५५ साली वाविलोव्ह यांना निर्दोष ठरविण्यात आले, आणि पुढे त्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले.

आपल्या पानातील भात, भाकरी, डाळ व भाजी, अंगावरील सुती वस्त्र आणि कितीतरी औषधे ही सर्व वनस्पतींचीच देणगी होय. ती कोणी तरी निवडली, जपली व पारखली, म्हणून आपणांपर्यंत पोहोचली. विद्यार्थ्यांनो, एवढे ध्यानी धरावे: कोणी सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नये, पडताळून पाहावी, आणि खरी ठरल्यावर भयापोटी सोडू नये. आपल्या गावच्या जुन्या वाणांचे मूठभर बियाणे कोणा घरी अद्याप असेल, तर ते जपून ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.