संकटातही प्रसन्नचित्त : रेव्हरंड नारायण वामन टिळक

कर्जतजवळच्या भिवपुरीसारख्या गावी कीर्तनाला उभे राहिले, की निरूपणानंतर कोणीतरी भाविक हमखास विचारतो : घरावर संकट कोसळले असता प्रसन्न राहणे म्हणजे मनाची फसवणूक नव्हे काय? आज नाताळच्या पर्वकाळी या प्रश्नाचे उत्तर एका ख्रिस्तभक्ताच्या चरित्रातून शोधावयाचे आहे. वाचकांनी ते परक्याचे मानू नये. मराठी भक्तीच्याच कुशीत ते वाढले आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 साली दापोली तालुक्यातील करजगाव येथे झाला. बालपणीच मातृवियोग घडला. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्या चरणांशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. काव्य त्यांच्या जिव्हेवर होते, पण चित्ताला स्वास्थ्य नव्हते. 1893 साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना ख्रिस्ती धर्मग्रंथ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचे मोल फार मोठे होते. आप्तेष्ट दुरावले, जातीचा आधार तुटला. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे : श्रद्धेचा मार्ग पतीने निवडला, पण त्याचे चटके प्रथम पत्नीला बसले. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन कित्येक वर्षे पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांचा शोक खरा होता. उपदेशाने तो शमण्यासारखा नव्हता. टिळक पत्रे धाडीत राहिले, वाट पाहत राहिले. अखेर त्या पतीजवळ परतल्या, स्वतःच्या विचाराने जातिभेद टाकला आणि 1900 साली त्यांनीही ख्रिस्ती दीक्षा घेतली.

पुढील संसारही सुखाचा सोपान नव्हता. पोटच्या अपत्यांचा वियोग या दांपत्याने पूर्वीच सोसला होता. त्यात दुष्काळ आणि प्लेग यांचे ते दिवस. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. याचक आला की खिसा रिकामा होई आणि चुलीची चिंता लक्ष्मीबाईंवर पडे. तरीही त्या घरात अनाथ लेकरांना छाया मिळाली. तरुण बालकवी ठोमरे यांनाही तेथे मायेचा आसरा लाभला. फुलांमुलांचे कवी म्हणून टिळकांची कीर्ती झाली, ती याच ओढगस्तीच्या संसारात राहून.

हा आनंद आला कोठून? टिळकांनी आपल्या नव्या श्रद्धेला मराठी भजनाचा देह दिला. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. अभंग, ओवी आणि कीर्तन ही आपलीच साधने घेऊन त्यांनी शेकडो गीते रचली. नामसंकीर्तनाचा हा गुण आपण वारकऱ्यांच्या दिंडीत नित्य पाहतो : दुःख आहे तेथेच असते, परंतु ते वाहणारा आता एकटा नसतो.

1917 साली मिशनची वेतनाची नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी देवाचा दरबार मांडला. उद्याची तरतूद देवावर सोपविली. 1919 च्या मे महिन्यात मुंबईस त्यांनी देह ठेवला. त्यांच्या लेखणीतून अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यांची स्मृतिचित्रे वाचताना डोळ्यांत पाणी असतानाच ओठांवर हसू येते. ज्यांच्यावर सर्वांत अधिक भार पडला, त्यांनीच सर्वांत निर्मळ हसू मागे ठेवावे, हे या चरित्राचे खरे फळ होय.

म्हणून त्या भाविकाला एवढेच सांगावेसे वाटते : प्रसन्नता म्हणजे अश्रू नाकारणे नव्हे. अश्रू पुसणारा कोणी आहे, या विश्वासाने रोजचा दिवा लावणे म्हणजे प्रसन्नता. त्याला कोणी विठ्ठल म्हणो, कोणी ख्रिस्त. आज सायंकाळी देवापुढे वात लावताना शेजारच्या ख्रिस्ती घरातील दीपाकडेही त्याच आदराने पाहावे.